ल्युबेकच्या नॉर्डिक चित्रपट महोत्सवाला कसं जावं आणि तिथे काय पाहावं

जर्मनीच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्राजवळ ल्युबेक नावाचं जुनं व्यापारी शहर आहे. दरवर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे पाच दिवस फक्त उत्तर युरोपातले चित्रपट दाखवले जातात. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि आइसलंड हे पाच नॉर्डिक देश, एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुएनिया हे तीन बाल्टिक देश, शिवाय उत्तर जर्मनीतल्या चित्रपटांसाठी वेगळा विभाग, एवढाच या महोत्सवाचा नकाशा. १९५६ साली गावातल्या फिल्म क्लबच्या मंडळींनी तो सुरू केला. पुढे शहरानेच तो चालवायला घेतला. २०२४ मध्ये त्याची ६६वी आवृत्ती झाली. प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांमध्ये सिनेमा बघायला शिकलेल्या माणसाला क्लबमधून उभ्या राहिलेल्या या महोत्सवाबद्दल आपुलकी वाटल्याशिवाय राहणार नाही.

महोत्सव ल्युबेकलाच का, हे जाण्याआधी समजून घ्यावं, म्हणजे तिथे फिरताना संदर्भ लागत जातात. मध्ययुगात हान्सा या व्यापारी संघाचं हे प्रमुख शहर होतं. इथली जहाजं नॉर्वेतलं बेर्गन, लॅटव्हियातलं रिगा आणि एस्टोनियातल्या आजच्या टॅलिनपर्यंत जात. जवळच्या ट्राव्हेम्युंडे बंदरातून स्वीडन-फिनलंडला आजही फेरीबोटी सुटतात. शीतयुद्धात तर शहराच्या पूर्वेला लागूनच दोन जर्मनींची सीमा होती. पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर झालेले विली ब्रांट इथे जन्मले आणि नाझी काळात त्यांनी आसरा घेतला तो नॉर्वे आणि स्वीडनमध्ये. उत्तरेशी असलेलं हे नातं महोत्सवाच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

आधी तारीख, मग व्हिसा, कार्यक्रम शेवटी

इथे क्रम महत्त्वाचा. कोणते चित्रपट आहेत ते कळल्यावर जायचं ठरवू, असं म्हणालात तर जाणं होणार नाही. पूर्ण कार्यक्रम ऑक्टोबरमध्ये हाती येतो आणि तोवर व्हिसाची वेळ निघून गेलेली असते. महोत्सवाच्या तारखा मात्र बऱ्याच आधी जाहीर होतात. बुधवार ते रविवार असे ते पाच दिवस असतात. तेवढ्या तारखांवर विसंबून कामाला लागावं.

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. या १५ दिवसांवर कुणी विसंबू नये. जुलै-ऑगस्टमध्येच भेटीची वेळ घ्यावी. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा आणि दोन कोरी पानं शिल्लक असलेला लागतो. काही वर्षी दिवाळी याच सुमारास येते आणि विमानाचे दर चढतात, म्हणून तिकीटही वेळेत काढावं.

मुंबईहून फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला थेट जाता येतं, तिथून विमानाने किंवा रेल्वेने हॅम्बुर्ग. हॅम्बुर्गच्या मुख्य स्थानकावरून ल्युबेकला प्रादेशिक गाडीने साधारण पाऊण तास लागतो. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींकडे डॉइचलँड-तिकीट (देशभरच्या प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास) असेल तर ही गाडी त्यातच येते. मग हॅम्बुर्गमध्येच राहून रोज ये-जा करण्याचा मोह होतो. शक्य असेल तर तो टाळा. रात्रीच्या खेळानंतरची चर्चा गाडीच्या वेळेकडे बघत अर्धवट सोडावी लागते, आणि त्या चर्चांसाठीच तर एवढ्या लांब जायचं.

कार्यक्रमपत्रिका कशी वाचावी

खरं काम इथे आहे. तिकीटविक्री सुरू होण्याआधी एक पूर्ण संध्याकाळ यासाठी राखून ठेवा.

सर्वांत आधी भाषा तपासा. प्रत्येक खेळासमोर लघुरूपं असतात. 'ओ-एम-यू' म्हणजे मूळ भाषेतला चित्रपट जर्मन सबटायटल्ससह, आणि 'ओ-एम-ई-यू' म्हणजे मूळ भाषा आणि इंग्रजी सबटायटल्स. फरक एका अक्षराचा आहे, पण जर्मन येत नसेल तर त्यावर सगळी संध्याकाळ अवलंबून असते. एकाच चित्रपटाचे दोन खेळ असतील तर दोन्हींपुढचं लघुरूप स्वतंत्रपणे तपासा, पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

मग निवड. इथे माझं मत ठाम आहे: ज्यांची नावं तुम्हाला आधीपासून माहीत आहेत ते चित्रपट यादीच्या शेवटी ठेवा. कान किंवा बर्लिनच्या महोत्सवात गाजलेला नॉर्वेजियन किंवा डॅनिश चित्रपट पुढेमागे भारतात येतो, गोव्याच्या इफ्फीत येतो, नाहीतर ओटीटीवर तरी येतोच. लिथुएनियाच्या एखाद्या खेड्यावरचा माहितीपट येत नाही. संपूर्ण लिथुएनियाची लोकसंख्या ३० लाखांच्या आत आहे. २०११च्या जनगणनेत एकट्या पुणे शहरात त्याहून जास्त माणसं होती. आइसलंड तर चार लाखांच्याही आतलं. एवढ्याशा प्रेक्षकवर्गावर चित्रपटाचा खर्च निघत नाही, म्हणून या देशांत सरकारी चित्रपटसंस्थांचा आधार असतो (स्वीडनची संस्था १९६३ पासून आहे) आणि शेजारी देश मिळून पैसा उभा करतात. श्रेयनामावलीत चार-चार देशांची नावं दिसतात ती यामुळे. असे चित्रपट बनतात, काही महोत्सवांत फिरतात आणि बाहेरच्या प्रेक्षकाला पुन्हा सहजासहजी भेटत नाहीत. छोटा देश म्हणजे छोटं काम असंही नाही: २०२५ मध्ये सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर एका संवादरहित लॅटव्हियन चित्रपटाला मिळालं.

म्हणून यादी करताना पहिली पसंती बाल्टिक देशांना द्या. त्यानंतर डेन्मार्कच्या राज्यात मोडणारी फेरो बेटं, ग्रीनलंड आणि उत्तरेतल्या सामी समाजातून आलेलं काही असेल तर ते उचला. सामी हे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या उत्तर भागात विखुरलेले मूळ रहिवासी. त्यांच्या चित्रपटांत रेनडिअर, कुरणं आणि जमिनीच्या हक्काचे प्रश्न येतात, आणि आपल्याकडच्या आदिवासी भागातल्या वनहक्कांच्या लढ्यांशी परिचय असलेल्या प्रेक्षकाला ते समजावून सांगावे लागत नाहीत.

लघुपटांचा निदान एक खेळ घ्याच. दीड-दोन तासांत अनेक देश, अनेक पद्धती दिसतात आणि पुढच्या दहा वर्षांत मोठे चित्रपट करणारी माणसं आधी इथेच सापडतात. जुन्या चित्रपटांचा सिंहावलोकन विभागही दरवर्षी एखादा विषय धरून रचलेला असतो. नवे चित्रपट सगळेच बघायला धावतात. चार नव्यांमध्ये एक जुना बघितला की नव्यांची मुळं कळतात. उत्तर जर्मनीचा विभाग मात्र वेळ कमी असेल तर सोडून द्यायला हरकत नाही.

दिवस कसा बांधावा

दिवसाला तीन चित्रपट पुरे. चौथा डोळ्यांसमोरून जातो, आत उतरत नाही. शिवाय उत्तरेकडचा सिनेमा संथ असतो, शांततेला जागा देतो. थकलेल्या माणसाला त्याचा कंटाळा येतो आणि दोष चित्रपटाला दिला जातो.

जुनं ल्युबेक म्हणजे ट्राव्ह नदी आणि कालव्यांनी वेढलेलं बेट आहे, साधारण दोन किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद. महोत्सवाचं मुख्य ठिकाण म्हणजे दक्षिणेकडच्या म्युलेनब्रुकेजवळचं श्टाटहाले मल्टिप्लेक्स. शहराचं छोटं कलाचित्रगृह, ज्याला तिथे 'कोकी' म्हणतात, ते मेंगश्ट्रासवर आहे. पारितोषिकांचा सोहळा बेकरग्रूबे रस्त्यावरच्या शहराच्या नाट्यगृहात होतो. ही अंतरं चालत जाण्याजोगी आहेत, पण दोन खेळांमध्ये पाऊण तास तरी मोकळा ठेवा. चर्चा लांबते, पाऊस पडत असतो आणि दगडी फरसबंदीवर भराभर चालता येत नाही.

नोव्हेंबरमध्ये तिथे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्यामुळे सकाळ-दुपारचा उजेड एखादा दिवस शहरासाठी राखा आणि त्या दिवशी चित्रपट संध्याकाळनंतरचे घ्या. हे जुनं शहर १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. होल्स्टनटोरचं जाडजूड दुहेरी प्रवेशद्वार सगळेच पाहतात. मारियनकिर्श या चर्चमध्ये मात्र मुद्दाम जा. १९४२च्या बाँबहल्ल्यात तिथल्या घंटा मनोऱ्यावरून खाली कोसळल्या. त्या फुटलेल्या घंटा पडल्या जागी तशाच ठेवल्या आहेत. युद्धाची आठवण वागवणारे चित्रपट बाल्टिक देशांतून दरवर्षी येतात. ते बघण्याआधी या घंटांसमोर पाच मिनिटं उभं राहावं.

कपड्यांचं थोडक्यात: पारा बहुतेक दहा अंशांच्या खाली, वारा सतत. छत्रीपेक्षा टोपीचं रेनकोट-जॅकेट आणि पाणी आत न जाणारे बूट कामाला येतात. रविवारी दुकानं बंद असतात, खाण्यापिण्याचं शनिवारीच बघून ठेवावं. शाकाहारी माणसाची बेकऱ्यांवर आणि बटाट्याच्या पदार्थांवर गुजराण होते. मार्झिपान ही बदामाची मिठाई ल्युबेकची खासियत आहे. खिशात थोडं असलं की दोन खेळांमधली भूक भागते.

मुलांना नेणार असाल तर

जर्मनीत वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी हा महोत्सव उत्तम आहे, आणि पालकांना हे फारसं ठाऊक नसतं. स्कँडिनेव्हियात बालचित्रपट हा दुय्यम प्रकार समजला जात नाही. मृत्यू, घटस्फोट, शाळेतली दादागिरी हे विषय तिथे मुलांशी सरळ बोलले जातात. इथे बालचित्रपटांचा मोठा विभाग असतो आणि लहान मुलांच्या खेळात संवाद सभागृहातच जर्मनमध्ये वाचून दाखवले जातात, म्हणजे सबटायटल्स वाचता न येणारं मूलही बसू शकतं. बालचित्रपटांसाठी मुलांचं स्वतःचं परीक्षक मंडळ असतं. वयाची शिफारस पत्रिकेत दिलेली असते, ती पाळा. विषय खरंच गंभीर असू शकतात. भारतातून नेलेल्या, जर्मन न येणाऱ्या मुलाला मात्र या खेळांचा उपयोग नाही.

खेळ संपल्यावर उठू नका

अनेक खेळांना दिग्दर्शक किंवा कलाकार हजर असतात. दिवे लागल्यावर प्रश्नोत्तरं होतात. शहर लहान, सभागृहं लहान, त्यामुळे नंतर बाहेरच्या जागेतही बोलता येतं. प्रश्न विचारताना चित्रपट कसा बनला ते विचारा: पैसा कुठून उभा केला, किती दिवस चित्रण चाललं, हिवाळ्यातला दोन-चार तासांचा उजेड कसा वापरला. 'तुम्हाला काय सांगायचं होतं' या प्रश्नाला बहुतेक दिग्दर्शक कंटाळलेले असतात. मराठीत छोट्या पैशांत चित्रपट करणाऱ्या तरुणांनी तर आपलं काम सांगून ओळख करून घ्यावीच. छोट्या भाषेत, मर्यादित प्रेक्षकांसाठी काम करणाऱ्या माणसांची अडचण एस्टोनियाच्या दिग्दर्शकाला पटकन कळते.

पारितोषिकांमध्ये एनडीआर या प्रसारण संस्थेचा पुरस्कार मुख्य मानला जातो, पण प्रेक्षकांच्या पसंतीने दिला जाणारा पुरस्कारही आहे. त्यात मत देण्याची संधी सोडू नका.

जाणं जमणार नसेल तर

ल्युबेकचा कार्यक्रम ऑक्टोबरमध्ये जाहीर झाला की तो वाचून आपली यादी करा. गोव्याची इफ्फी त्यानंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात असते आणि पुण्याचा पिफ जानेवारीत. इफ्फीच्या भल्या मोठ्या पत्रिकेत आइसलंड किंवा एस्टोनियाचं एखादं अनोळखी नाव दिसलं की त्यावरून नजर घसरते. ल्युबेकची यादी आधी वाचलेली असेल तर ते नाव ओळखीचं वाटतं आणि तेवढ्यावर आगाऊ नोंदणी करता येते. यादीत देश, दिग्दर्शकाचं नाव आणि मूळ भाषेतलं शीर्षक असं तिन्ही लिहा, कारण इंग्रजी शीर्षक महोत्सवागणिक बदलू शकतं.