व्हॉल्यूम शेवटी बघा: मोठ्या सौद्याआधीचा माझा हिशेब

पाच वर्षांपूर्वी एका मिडकॅपचे, म्हणजे मध्यम आकाराच्या कंपनीचे, वीस हजार शेअर मी मार्केट ऑर्डरने, म्हणजे मिळेल त्या भावाला, विकले. दिवसाचा व्हॉल्यूम, म्हणजे दिवसभरातली उलाढाल, आठ लाख शेअरचा, मग भीती कसली? सहकारनगरच्या घरी चहा ओतेपर्यंत अठ्ठावन्न हजार गेले, ब्रोकरेज आणि कर वेगळेच.

वहीत अजून आहे तो हिशेब. घेणाऱ्यांची सर्वांत वरची बोली 410, विकणाऱ्यांची सर्वांत खालची ऑफर 410.50, म्हणजे मधला भाव 410.25. पण 410 ला घेणारे दीड हजारच शेअरचे. 409.50 ला अडीच हजार गेले, 408 ला सहा हजार, उरलेले दहा हजार 406 ला. सरासरी पडली 407.34. मधल्या भावापेक्षा 0.71 टक्के कमी. हीच इम्पॅक्ट कॉस्ट, आपल्याच सौद्याने भाव सरकल्याचा खर्च. दिवसाच्या व्हॉल्यूममध्ये ती दिसत नाही. निफ्टी 50 या निर्देशांकात यायला शेअरला 10 कोटींच्या बास्केटवर, म्हणजे निर्देशांकातल्या शेअरच्या एकत्र गठ्ठ्यावर, सहा महिन्यांतल्या 90 टक्के निरीक्षणांत ती 0.50 टक्के किंवा कमी ठेवावी लागते. माझा सौदा जेमतेम 82 लाखांचा!

तुलना करायची तर रक्कम एकच धरा, वेळही एकच, आणि घेण्याचा-विकण्याचा असा दोन्ही बाजूंनी हा हिशेब मांडा. मी साडेअकराला मांडतो. सव्वानऊचा गोंधळ काही सांगत नाही.

निफ्टी फ्युचर्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या निफ्टीच्या करारांत, 82 लाख म्हणजे मोजकेच लॉट (ठरावीक संख्येचे गठ्ठे). चालू महिन्याच्या करारात ते स्क्रीनवरच्या बोली-ऑफरच्या बहुधा पहिल्या एक-दोन ओळींतच मावतात. पण पुढच्या महिन्याची डेप्थ, म्हणजे बोली-ऑफरची हीच यादी, उघडून बघा, ओळी विरळ होतात. शेअर फ्युचर्समध्ये तर जास्तच. म्हणून एक्स्पायरीच्या, म्हणजे करार संपण्याच्या, आठवड्यात रोलओव्हरचा (सौदा पुढच्या महिन्यात नेण्याचा) खर्च आधीच धरून ठेवा. एक फरक मात्र मोलाचा: फ्युचर्स असलेल्या शेअरला ठरीव सर्किट, म्हणजे दिवसाच्या भावाची पक्की मर्यादा, नसतं. साध्या शेअरला लोअर सर्किट लागलं, की घेणारा एकही उरत नाही आणि तुमची इम्पॅक्ट कॉस्ट काढायलाही भाव नसतो.

आता डॉलर. चलनबाजार जगात सर्वांत मोठा. बीआयएस या मध्यवर्ती बँकांच्या जागतिक संस्थेच्या एप्रिल 2022 च्या पाहणीत रोजची उलाढाल 7.5 लाख कोटी डॉलर निघाली. त्यातलं आपल्या शेअर बाजाराच्या, एनएसईच्या, स्क्रीनवर काय दिसतं? एक लॉट हजार डॉलरचा, भाव पाव पैशाने हलतो, दिसायला छान. पण मे 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने रुपयाच्या अशा सौद्यामागे खरी देणी-घेणी असावी लागते, आणि गर्दी ओसरली. भोसरीच्या कारखान्यात अकरा वर्षं मी निर्यातीचे डॉलर विकले. पाच लाख डॉलरला एक पैसा म्हणजे पाच हजार रुपये. अशा वेळी एकाच मिनिटात दोन बँकांच्या डीलिंग रूमला फोन लावायचा आणि दोन्ही बाजूंचे भाव मागायचे. विकायचंय हे आधी बोललात, की बोली खाली सरकलीच. फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव, हवं असेल तर स्पॉट (आजचा भाव) आणि प्रीमियम (त्यावरची वाढ) वेगवेगळे विचारा. एकत्र आकड्यात बँकेचं मार्जिन लपतं.

स्क्रीनवरच्या डेप्थच्या पाच ओळींत रक्कम मावली नाही तर मार्केट ऑर्डर नकोच. लिमिट, म्हणजे आपला भाव, लावा, डिस्क्लोज्ड क्वांटिटी (बाजाराला दिसणारी संख्या) थोडी ठेवा, आणि एका तुकड्यानंतर डेप्थ पुन्हा भरते का ते बघा. दोन मिनिटांत भरली नाही, तर मी तो सौदा उद्यावर टाकतो.