नागरिकत्वाच्या मोजक्या जागांसाठी गुणतक्ता आखताय? या चुका टाळा

फोर्टमधल्या आमच्या कॉलेजात कायद्याच्या विद्यार्थ्यांना मी दर वर्षी एक काम देतो. जागा ५००, अर्ज १०,०००. नागरिकत्व कुणाला द्यायचं याचा गुणतक्ता करून आणा. मुलं मन लावून काम करतात, पण चुका जवळजवळ त्याच असतात.

रकाने आधी, हेतू नंतर

पहिल्याच तासाला शिक्षण, वय, भाषा, अनुभव असे रकाने पडतात. ही निवड कशासाठी, हे कुणी लिहीतच नाही. हाँगकाँगचं उदाहरण मी इथेच सांगतो. १९९७ साली ते चीनकडे जाणार होतं, म्हणून ब्रिटनने १९९० मध्ये कायदा करून ५०,००० कुटुंबप्रमुखांना आणि त्यांच्या कुटुंबियांना थेट नागरिकत्व देण्याची योजना आखली. हेतू लोकांना ब्रिटनमध्ये आणण्याचा नव्हता. हातात पासपोर्ट असला की महत्त्वाची माणसं धीराने हाँगकाँगमध्येच राहतील, असा तो विचार होता. उलट कॅनडाच्या तक्त्याला तिथे येऊन काम करणारे लोक हवेत, आणि त्यातून मिळतो तो कायमचा वास्तव्य परवाना. नागरिकत्वाचा अर्ज पुढे वेगळा करावा लागतो. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला तर चुकीची माणसं निवडली जातील.

एकाच गोष्टीचे तीनदा गुण

पदवीचे गुण, पगाराचे गुण, व्यवसायाचे गुण. डॉक्टरला तिन्हीकडे मिळतात, कुशल वेल्डरला एकीकडेही नाही. दोन रकाने नेहमी एकत्र वरखाली होत असतील तर त्यातला एक काढा.

वेगवेगळ्या मापांची सरळ तुलना

हे मुंबईकर पालकांना समजवावं लागत नाही. अकरावीच्या प्रवेशात एसएससी आणि इतर बोर्डांचे गुण एका रांगेत कसे बसवायचे, यावर २००८ मध्ये पर्सेंटाइलचं सूत्र आलं, २००९ मध्ये ९० टक्के जागा एसएससीला आणि १० टक्के इतर बोर्डांना असा ९०:१० कोटा आला, आणि दोन्ही मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाहीत. इथे तर बोर्डांच्या जागी देश आहेत. परदेशी पदवीचं मूल्यमापन कोण करणार, किती दिवसांत, आणि त्याचा खर्च कुणाच्या खिशातून, हे तक्त्याबरोबरच ठरायला हवं.

जागा मोजक्या, तरी पासिंगची रेघ

६७ गुण मिळवा आणि या, असं म्हटलं की ६७ मिळवणारा प्रत्येक जण हक्काने रांगेत उभा राहतो. कॅनडात हेच झालं. रांग इतकी तुंबली की २०१२ मध्ये कायदा करून २७ फेब्रुवारी २००८ पूर्वीचे अर्ज रद्द केले गेले. सुमारे २,८०,००० लोकांचा प्रश्न होता. वर्षानुवर्षं थांबलेल्यांना शुल्क परत मिळालं, वर्षं नाही. माझ्या मते गुणतक्त्याच्या इतिहासातली ही सगळ्यात क्रूर चूक आहे. जागा ठरलेल्या असतील तर गुणानुक्रम लावा आणि अर्जाला मुदत ठेवा. जानेवारी २०१५ पासून कॅनडाही त्याच पद्धतीवर आला.

बरोबरी आणि कडेलोट

पाच रकाने, प्रत्येकात ०, १० किंवा २० गुण. बेरजा होतात फक्त ११. दहा हजार अर्जदार ११ बेरजांवर विभागले तर एकेका बेरजेवर सरासरी ९०० हून जास्त, आणि जागा आहेत ५००! पायऱ्या बारीक करा. तरीही बरोबरी उरेलच. कॅनडा अशा वेळी आधी नोंद केलेल्याला पुढे घेतो. मला सोडत जास्त न्याय्य वाटते. म्हाडाच्या घरांमुळे ती आपल्याला परकी नाही.

वयाचंही तसंच. ३५व्या वाढदिवशी एकदम ४० गुण गेले, तर तो कडेलोट झाला. कॅनडाच्या तक्त्यात एकट्या अर्जदाराचे तिशीत वर्षाला ५-६ गुण कमी होतात.

जे विकत मिळतं त्याला गुण

नोकरीच्या पत्राला मोठे गुण दिले की पत्रांचा बाजार भरतो. कॅनडाने मार्च २०२५ मध्ये ते गुण काढूनच टाकले.

शेवटी, तक्ता जाहीर करण्याआधी शंभर काल्पनिक अर्ज त्यातून काढा आणि तळाशी कोण साचतं ते बघा. यंदा एका गटाच्या तळाशी बहुतेक बायका निघाल्या. कारण एकच शब्द होता, ‘सलग’ पाच वर्षांचा अनुभव. बाळंतपणात नोकरी सुटलेली प्रत्येक जण शून्यावर आली होती. ‘गेल्या दहा वर्षांत मिळून पाच वर्षं’ असं लिहिल्यावर त्यातल्या निम्म्याहून अधिक जणी वर आल्या.