जुनी कंपनी तुमच्याबद्दल काय सांगते, आणि त्याआधी काय तपासावे

ऑफर लेटर हाती आल्यावर बहुतेक खासगी कंपन्या उमेदवाराचे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे त्याने दिलेल्या माहितीची पडताळणी, करून घेतात आणि हे काम सहसा बाहेरच्या एजन्सीकडे असते. ही एजन्सी जुन्या कंपनीच्या एचआर विभागाकडून रुजू झाल्याची तारीख, शेवटचा दिवस, पद, नोकरी सोडण्याचे कारण, काही वेळा पगार आणि येणी बाकी आहेत का, हे विचारून घेते. मोठ्या कंपन्यांचा एचआर विभाग शक्यतो या नोंदींपलीकडे जात नाही. ‘यांना पुन्हा नोकरीवर घ्याल का’ हा प्रश्न मात्र हलका समजू नये, कारण नोटीस पीरियड न भरता निघून गेलेल्याच्या बाबतीत तिथले एका शब्दाचे ‘नाही’ पुरेसे ठरते.

खरी माहिती बाहेर पडते ती जुन्या साहेबांशी फोनवर होणाऱ्या बोलण्यातून. जुन्या मालकाने केवळ तारखाच सांगाव्यात असे बंधन भारतात कोणताही कायदा घालत नाही. खोटी बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली गुन्हा ठरू शकते, पण सद्भावनेने दिलेल्या मताला त्याच कलमातील अपवादांचे संरक्षण मिळते. म्हणून संदर्भासाठी कोणाचेही नाव देण्याआधी त्यांना विचारावे, आणि होकार देताना जे घुटमळतात त्यांचे नाव सरळ वगळावे. राजीनामा दिलेला नसेल, तर सध्याच्या कंपनीशी इतक्यात संपर्क साधू नये, असे अर्जात स्पष्ट लिहावे.

एचआरने काही सांगितले नाही तरी पीएफची नोंद बोलतेच. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या) पोर्टलवर यूएएनने, म्हणजे पीएफच्या सदस्य क्रमांकाने, लॉगिन करून सर्व्हिस हिस्टरी पाहावी. दोन नोकऱ्यांचा काळ एकमेकांवर चढलेला दिसला, तर एकाच वेळी दोन ठिकाणी काम केल्याचा संशय येतो, मग कारण जुन्या कंपनीने बाहेर पडल्याची तारीख भरलीच नाही एवढेच का असेना. ती तारीख नोकरी सुटल्यावर दोन महिन्यांनी कर्मचाऱ्याला स्वतः भरता येते, मात्र ती रिलीव्हिंग लेटरशी (कंपनीने कामातून मुक्त केल्याच्या पत्राशी) जुळणारीच असावी.

चार महिन्यांत सोडलेली एखादी नोकरी बायोडेटातून गाळण्याचा मोह अनेकांना होतो. तिथे पीएफ कापला गेला असेल, तर ती नोकरी व्हेरिफिकेशनच्या फॉर्ममध्ये स्वतःहून लिहावी आणि सोडण्याचे कारण एका वाक्यात द्यावे. मुदतीआधी सोडणे बहुतेक एचआरवाले समजून घेतात, पण लपवाछपवी आढळल्यास रुजू झाल्यानंतरही काढून टाकण्याची तरतूद सहसा नियुक्तिपत्रातच असते.