जिवाणूजन्य करपा शिकताना: द्राक्षबागेत जाणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

एम.एस्सी.ला वनस्पती रोगशास्त्र घेतलं तेव्हा मला वाटायचं, जिवाणू ओळखला की रोग कळला. निफाड तालुक्यातल्या दोन बागांनी हा समज मोडला.

जुलैत चार दिवसांची झड नुकतीच उघडली होती. शेजारी शेजारी दोन प्लॉट, दोन्हींत थॉमसन जातीची द्राक्षं, एप्रिलची खरड छाटणीही एकाच आठवड्यातली. एका प्लॉटमध्ये पानोपानी बारीक, पाणी भरल्यासारखे कोनदार ठिपके, काही काळे पडून भोवती पिवळी कड. दुसऱ्यात ठिपके शोधावे लागत होते. पहिल्या बागायतदाराने साधा करपा समजून बुरशीनाशकाच्या तीन फवारण्या मारल्या होत्या. पण हा झान्थोमोनास, म्हणजे जिवाणू.

तुम्ही आधी खात्री करायला शिका. ठिपक्याच्या कडेचा तुकडा कापून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा. जिवाणू असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली कापलेल्या कडेतून धुरासारखा लोट निघतो. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाच मिनिटं डोळा हलवला नव्हता.

पण दोन प्लॉटमधला फरक काचपट्टीवर दिसत नाही. हा जिवाणू वेलीच्या जुन्या काडीवरच्या व्रणांत टिकून राहतो आणि पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर पानावर येतो. पान भेदून शिरणं त्याला जमत नाही. पर्णरंध्र, म्हणजे पानावरचं सूक्ष्म छिद्र, किंवा जखम लागते, आणि पानावर पाणी. तापमान 25 ते 30 अंशांच्या आसपास असलं की तो झपाट्याने वाढतो. म्हणून मी विचारलं, बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतून येणारे जादा फुटवे, कधी काढल्या? पहिल्या प्लॉटमध्ये ऐन झडीत, ओल्या पानांत, एकच कात्री सगळ्या ओळींत फिरवून. प्रत्येक काप म्हणजे जिवाणूला उघडं दार! शिवाय मांडव इतका दाट की दुपारपर्यंत पानं ओलीच. शेजाऱ्याने हेच काम पावसाआधी उरकलं होतं. त्याच्या मांडवात वारा खेळत होता.

लागवडीची काडी कुठून आणली, हेही विचारत जा. भारतात हा रोग 1972 साली नोंदला गेला, 1998मध्ये तो ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को खोऱ्यातही सापडला. रोगट काडीवरून तो लांबचा पल्ला गाठू शकतो.

बागेत सकाळी सातला पोहोचा आणि पानं किती वाजता सुकली ते वहीत लिहा. माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर दोनच नोंदी आहेत: पहिला प्लॉट, दुपारी एक, दुसरा, साडेनऊ.