निविदा भरण्याआधी पैशाचा हिशेब: मुंबईतील दलित, आदिवासी व अल्पसंख्याक लघुउद्योजकांसाठी

धारावीत, चेंबूरच्या ठक्करबाप्पा कॉलनीत किंवा कुर्ल्याच्या गाळ्यांमध्ये शिवलेला माल सरकारी कार्यालयांत पोहोचत नाही, असे नाही. तो पोहोचतो, पण मधल्या पुरवठादाराच्या नावाने. निविदा त्याची, बिल त्याचे आणि नफाही त्याचाच. कारागिराच्या हाती नगामागे ठरलेली मजुरी पडते. स्वतःच्या नावाने निविदा भरण्याचा निश्चय केलेल्या उद्योजकांची कागदपत्रे गेली काही वर्षे मी त्यांच्याबरोबर बसून तयार करतो. निविदा न मिळाल्याने बुडालेला उद्योजक मी क्वचितच पाहिला, मात्र निविदा मिळाली आणि माल बनवायला पैसे नव्हते म्हणून अडचणीत आलेले अनेक पाहिले. म्हणून निविदा आणि भांडवल ही दोन वेगळी कामे न मानता एकाच वेळी हाती घ्यावीत, असे माझे मत आहे.

प्रथम हक्क नेमका काय आहे ते पाहू. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचे केंद्र सरकारचे सार्वजनिक खरेदी धोरण २०१२ साली आले आणि एप्रिल २०१५ पासून ते बंधनकारक झाले. त्यानुसार केंद्रीय मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीतील किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची असते. त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांसाठी आहे, तर ३५८ वस्तू केवळ सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी राखीव आहेत. मुस्लीम, ख्रिस्ती किंवा जैन उद्योजकासाठी या धोरणात वेगळा टक्का नाही. त्याला २५ टक्क्यांचा सर्वसाधारण लाभ मिळतो आणि मालक महिला असल्यास ३ टक्क्यांचाही मिळतो. हे आधीच स्पष्ट केलेले बरे, कारण ‘अल्पसंख्याक कोटा’ मिळवून देतो असे सांगून पैसे घेणारे एजंट मुंबईत कमी नाहीत.

या सगळ्याचे प्रवेशद्वार म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजेच आपला उद्योग सूक्ष्म किंवा लघु असल्याची केंद्र सरकारच्या पोर्टलवरची नोंद. ती पूर्णपणे विनामूल्य असून आधार, पॅन आणि लागू असल्यास जीएसटी क्रमांक यांच्या आधारे घरबसल्या होते. तिच्यातील दोन नोंदी मात्र स्वतःच्या डोळ्यांनी तपासाव्यात. पहिली सामाजिक प्रवर्गाची. एका बॅग बनवणाऱ्या ताईंचे प्रमाणपत्र मी उघडले, तेव्हा तेथे ‘सर्वसाधारण’ असे लिहिलेले होते. एजंटने विचारलेच नव्हते, आणि ताई म्हणाल्या, “मला वाटलं, धंद्यात जात कशाला सांगायची?” त्यांचे म्हणणे माणूस म्हणून योग्यच होते, पण त्या एका नोंदीमुळे ४ टक्क्यांचे दार त्यांच्यासाठी बंद राहिले होते. पोर्टलवर ही दुरुस्ती विनाशुल्क करता येते. दुसरी नोंद व्यवसायाच्या प्रकाराची. तेथे केवळ ‘व्यापार’ असेल, तर उद्यम प्रमाणपत्राचा उपयोग बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता राहतो आणि खरेदी धोरणाचा लाभ मिळत नाही. तुम्ही माल स्वतः बनवत असाल, तर तसे नोंदवलेले असलेच पाहिजे.

जातीचा दाखलाही नीट वाचून घ्यावा. बौद्ध उद्योजकांच्या जुन्या दाखल्यावर पुष्कळदा नुसते ‘नवबौद्ध’ असते. केंद्र सरकारने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९० पासून मान्यता दिली असली, तरी केंद्रीय कार्यालयांना मूळ जातीचा उल्लेख असलेला केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो. तो निविदेच्या आठवड्यात मिळत नाही, त्यामुळे अर्ज आजच करावा. भागीदारी किंवा खासगी मर्यादित कंपनी असल्यास किमान ५१ टक्के हिस्सा अनुसूचित जाती-जमातीच्या भागीदारांचा अथवा प्रवर्तकांचा असावा लागतो. नावापुरता भागीदार घेऊन केलेली व्यवस्था चौकशीत टिकत नाही.

यानंतर निविदा शोधायची. केंद्रीय खरेदीचा मोठा भाग २०१६ साली सुरू झालेल्या जेम (सरकारी ई-बाजारपेठ) पोर्टलवर होतो, रेल्वेच्या खरेदीसाठी स्वतंत्र आयआरईपीएस पोर्टल आहे, आणि राज्य शासनाच्या निविदा महाटेंडर्सवर निघतात. मुंबईकर उद्योजकाला एक सोय अशी, की चर्चगेट व छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथील रेल्वे मुख्यालये, माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, चेंबूरचा खत कारखाना आणि माझगावची गोदी असे मोठे केंद्रीय खरेदीदार लोकलच्या अंतरावर आहेत. त्यांच्या पुरवठादार मेळाव्यांना नमुने घेऊन जावे. राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळाकडून चालवले जाणारे राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब याच कामासाठी २०१६ साली स्थापन झाले असून, त्याचे मुंबईतही कार्यालय आहे. ऑनलाइन निविदा भरायला लागणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीची मुदत मात्र आधी पाहावी. ती संपल्याचे मला एकदा शेवटच्या दिवशी दुपारी कळले आणि तीन आठवड्यांची मेहनत वाया गेली. चूक सर्वस्वी माझी होती.

केंद्रीय निविदेत सूक्ष्म व लघु उद्योगांना निविदा संच मोफत मिळतो आणि बयाणा रक्कम, म्हणजेच निविदेबरोबर ठेवायची अनामत (ईएमडी), माफ असते. मात्र महापालिका किंवा राज्याच्या खात्यांच्या निविदेत ही माफी आपोआप मिळते असे गृहीत धरू नये. त्या निविदेतील अट वाचावी आणि शंका असल्यास निविदापूर्व बैठकीत लेखी विचारावी. तसेच ईएमडी माफ म्हणजे काम मिळाल्यावर ठेवायची सुरक्षा अनामतही माफ, असा गैरसमज फार पसरलेला आहे. ती भरावीच लागते. बांधकामासारख्या कामांच्या निविदांना हे धोरण लागू नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दर भरताना सर्वांत खाली उतरण्याची घाई करू नये. सर्वांत कमी दर, म्हणजे एल-१, जर सूक्ष्म-लघु नसलेल्या उद्योगाचा असेल आणि तुमचा दर त्याच्या १५ टक्क्यांपर्यंत वर असेल, तर एल-१ च्या दराला येऊन निविदेतील २५ टक्क्यांपर्यंत माल पुरवण्याची संधी तुम्हाला दिली जाते. समजा २,००० बॅगांची निविदा आहे, एल-१ चा दर ४०० रुपये आहे आणि तुमचा ४५०. मर्यादा ४६० ची असल्याने तुम्ही आत आहात आणि ५०० बॅगांपर्यंतचा पुरवठा तुमच्याकडे येऊ शकतो. पण तुमची बॅग ३७० रुपयांना पडत असेल, तर नगामागे ३० रुपयांवर गाळ्याचे भाडे निघेल का, हे निविदा भरण्याच्या दिवशीच ठरवलेले असावे.

आता याच बॅगांची पूर्ण ऑर्डर ४५० रुपयांच्या दराने मिळाली असे धरून खिशातून किती पैसा जातो ते पाहू. मालाची किंमत ९ लाख रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,६२,००० रुपये, म्हणजे बिल १०,६२,००० रुपयांचे. सुरक्षा अनामत ५ टक्के धरल्यास ५३,१०० रुपये, आणि त्यासाठीची हमी देताना नव्या ग्राहकाकडून बँक तेवढ्याच रकमेची मुदत ठेव मागते. नगामागे २७० रुपयांचा कच्चा माल जीएसटीसह ६,३७,२०० रुपयांना येतो. मजुरी १,८०,००० आणि पॅकिंग-टेम्पो २०,००० रुपये. बिल केल्यावर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला, कच्च्या मालावर दिलेला जीएसटी वजा जाता उरलेला ६४,८०० रुपये जीएसटी भरायचा असतो, मग खरेदीदाराने पैसे दिलेले असोत वा नसोत. असे एकंदर ९,५५,१०० रुपये आपल्याकडून बाहेर जातात आणि भाडे-वीज वगळता नफा १,६०,००० रुपयांचा दिसतो. हे पैसे सावकाराकडून दरमहा शेकडा दोनने आणले आणि बिल चार महिने लांबले, तर व्याजच सुमारे ७६,००० रुपये होते. जवळपास निम्मा नफा तेथेच गेला. शिवाय २.५ लाखांवरील करारात सरकारी खरेदीदार २ टक्के जीएसटी टीडीएस कापतो. ते १८,००० रुपये बुडत नाहीत, जीएसटीच्या रोख खात्यात जमा होतात, पण त्या वेळी हाती मात्र येत नाहीत.

म्हणून निविदा भरण्याच्या दोन-तीन महिने आधीच बँकेकडे कॅश क्रेडिट मर्यादेचा, म्हणजे लागेल तसे पैसे उचलून परत भरता येणाऱ्या कर्जाचा, अर्ज करावा. लहान उद्योगांच्या कर्जासाठीच्या मुद्रा योजनेत ‘तरुण’ गटाची मर्यादा १० लाख आहे, आणि ते कर्ज फेडलेल्यांसाठी ‘तरुण प्लस’मध्ये २० लाखांपर्यंत सोय आहे. शाखेत घर तारण मागितले गेल्यास नम्रपणे दोन गोष्टी सांगाव्यात: सूक्ष्म व लघु उद्योगांना किमान १० लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय देण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत, आणि त्यापुढील रकमेसाठी सीजीटीएमएसई या कर्जहमी देणाऱ्या न्यासाची पतहमी मागता येते. नकार मिळाल्यास तो लेखी मागावा. लेखी द्यायचे म्हटल्यावर फाइल पुन्हा उघडते, असा अनुभव आहे.

महामंडळांचे पैसे या वर्तुळात कोठे बसतात, हेही समजून घ्यावे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीजभांडवल योजनेत बँक ७५ टक्के, महामंडळ २० टक्के आणि अर्जदार ५ टक्के घालतो. अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद आर्थिक विकास महामंडळ आणि चर्मकार समाजासाठी संत रोहिदास महामंडळ आहे. हबमार्फत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांना यंत्रसामग्रीवर २५ टक्के, कमाल २५ लाखांपर्यंत, भांडवली अनुदान मिळते. यंत्रासाठी मिळालेला पैसा यंत्रातच घालावा. तो ऑर्डरच्या चामड्यात अडकवला, की हप्ता सुरू होतो आणि यंत्र मात्र येत नाही.

माल पोहोचल्यानंतर खरेदीदार केंद्रीय उपक्रम असेल, तर ट्रेड्स या बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर बिल चढवावे. अशा उपक्रमांना तेथे नोंदणी सक्तीची केलेली आहे. खरेदीदाराने बिल मान्य केले, की बँका त्यावर बोली लावतात, तुम्हाला थोडी कसर कापून पैसे मिळतात आणि खरेदीदाराने पुढे बँकेला पैसे दिले नाहीत, तरी तुमच्याकडे वसुली येत नाही.

एवढे करूनही पैसे अडले, तर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग (एमएसएमई) विकास कायदा हाताशी आहे. करारात काहीही लिहिलेले असले, तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपुढे पैसे लांबवता येत नाहीत, आणि उशिरावर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीने, द्यावे लागते. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, जाते. तिच्या निवाड्याला आव्हान द्यायचे, तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. पुरवठ्यापूर्वीच उद्यम नोंदणी झालेली असावी, म्हणजे वादाला जागा राहत नाही.

या ४५ दिवसांची मोजणी स्वीकृतीच्या दिवसापासून होते, आणि १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोहोचवलेला दिवसच स्वीकृतीचा धरला जातो. तेव्हा टेम्पोबरोबर जाणाऱ्या मुलाला सांगून ठेवावे, की चलनावर शिक्का घेताना त्याखाली सही, नाव आणि तारीख लिहून घेतल्याशिवाय गेटबाहेर पडायचे नाही.