इंदूर ते पुणे: हवाई आणि रस्त्याचं अंतर कसं काढायचं

इंदूर-पुणे किती लांब, असं विचारलं की कुणी 510 किलोमीटर सांगतो, कुणी 600. दोघेही बरोबर असतात. पहिला आकडा हवाई अंतराचा, दुसरा रस्त्याचा. पेट्रोलचा हिशेब पहिल्यावर केला की पंचाईत होते.

आधी दोन्ही टोकं ठरवा. राजवाडा ते शनिवारवाडा धरू. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये त्या जागेवर बोट दाबून ठेवलं की अक्षांश-रेखांश दिसतात: राजवाडा 22.72 आणि 75.86, शनिवारवाडा 18.52 आणि 73.86. शोधताना नाव नीट वाचा, तळेगाव दाभाड्याजवळ इंदोरी नावाचं गाव आहे.

आता वजाबाकी. अक्षांशांतला फरक 4.20, रेखांशांतला 2.00. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर, म्हणून 466. रेखांश ध्रुवांकडे जवळ येत जातात. या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात एक अंश सुमारे 104 किलोमीटरचा, म्हणून 208. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा: 510.

नेहमीची चूक इथेच होते. जुन्या नकाशात इंदूर 22 अंश 43 मिनिटं असं छापलेलं असतं. ते 22.43 नव्हे, 43 ला 60 ने भागायचं, म्हणजे 22.72. नाहीतर इंदूर 32 किलोमीटर दक्षिणेला सरकतं!

रस्त्याचं अंतर सूत्रानं निघत नाही, ते टप्प्याटप्प्यानं जोडावं लागतं. मानपूरचा उतार, खलघाटला नर्मदेचा पूल, सेंधवा, मग सातपुड्यातला बिजासन घाट, शिरपूर आणि धुळे: इथवर सुमारे 260. पुढे मालेगाव, मनमाड, शिर्डी, नगर. नगर ते पुणे सुमारे 120. एकूण साधारण 600. धुळ्याहून नाशिकमार्गे गेलात तर वीस-पंचवीस किलोमीटर जास्त. अ‍ॅप रहदारी पाहून मार्ग बदलतं, त्यामुळे सकाळचा आकडा आणि रात्रीचा आकडा जुळला नाही तर गोंधळू नका. धुळे आणि नगर हे थांबे स्वतः टाका, म्हणजे आकडा पक्का राहतो.

वेळ काढताना ताशी 80 चा वेग धरू नका. बिजासनला ट्रकांची रांग लागली की सगळं गणित कोलमडतं. सरासरी 50 धरा, म्हणजे बारा तास, चहा-जेवण त्यातच. गाडी लिटरला 15 देत असेल तर 40 लिटर, वर घाटासाठी चार-पाच.

विमानाचं गणित वेगळं. विमानतळ ते विमानतळ अंतर 500 च्या आसपास, थेट विमान हवेत तासभरच असतं. पण दोन तास आधी पोहोचणं, सामानाची वाट पाहणं आणि लोहगावहून शहरात येणं धरलं की पाच तास सहज जातात. मुंबईला विमान बदलायचं असेल तर इंदूर-मुंबई आणि मुंबई-पुणे अशी दोन अंतरं वेगवेगळी काढून बेरीज करा.