मांजर पांघरूण लुचते तेव्हा

रात्री दिवा मालवल्यावर मांजर अंगावर येऊन बसते, पांघरुणाचा नेहमीचा कोपरा हुडकून तोंडात धरते, पुढचे पाय आळीपाळीने दाबू लागते, डोळे अर्धवट मिटून घुरघुरते, आणि दहा-पंधरा मिनिटांनी तो कोपरा लाळेने चिंब झालेला असतो. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा काही आजार आहे का आणि ही सवय मोडायची कशी, असे दोन प्रश्न पडतात. बहुतेक मांजरांच्या बाबतीत हा आजार नसतो, त्यामुळे सवय मोडण्याचीही घाई नसते. त्याऐवजी सकाळी उजेडात तो कोपरा हातात घेऊन नीट पाहावा. तो नुसता ओला होऊन वाळलेला आहे, की त्याचे धागे कुरतडले जाऊन भोक पडले आहे, यावर पुढे काय करायचे ते ठरते.

नवजात पिल्लाला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, पण लुचता येते. पहिल्या काही दिवसांतच बरीच पिल्ले आपापले आचळ ठरवून घेतात, आणि पायांनी पोट दाबल्यामुळे आईला पान्हा सुटण्यास मदत होते. म्हणूनच मोठेपणी लुचणे आणि पाय दाबणे ही जोडी सहसा एकत्रच दिसते. साधारण चौथ्या आठवड्यापासून आई दूध तोडू लागते, म्हणजे पिल्ले जवळ आली की उठून जाते किंवा आचळ अंगाखाली दाबून बसते. आठ ते दहा आठवड्यांत पिल्ले बहुतांशी अन्नावर येतात. मात्र आईने येऊ दिले तर त्यानंतरही केवळ उबेसाठी लुचत राहतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यातच आईपासून दूर केलेल्या पिल्लाचा हा टप्पा अर्धवट सुटतो आणि मग ते कापड, केस, कानाची पाळी किंवा स्वतःचे शेपूट शोधते. तरीही बारा आठवडे आईजवळ राहिलेली मांजरेही लुचताना आढळतात, त्यामुळे आपल्याच हातून काही चुकले असे पाळणाऱ्याने लगेच मानू नये. सयामी, बर्मी, बिर्मन आणि त्यांच्या जवळच्या जातींमध्ये लोकर चोखण्याची ओढ अधिक असते, आणि नव्या घरी आल्यानंतर ती बऱ्याचदा डोके वर काढते.

कोपरा नुसता ओला होत असेल, तर मांजराला लुचू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त त्यासाठी एक कापड नेमून द्यावे. ते घट्ट विणीचे असावे. त्याला झालर, गुंडी किंवा सुटा दोरा नसावा. ते एक-दोन रात्री आपल्या अंथरुणात ठेवून वास लागू द्यावा आणि मांजराने पाय दाबायला सुरुवात करताच हळूच त्याच्या तोंडाखाली सरकवावे. सुरुवातीला मांजर ते नाकाने बाजूला सारते. चिकाटीने पुन्हा पुन्हा दिले की बहुधा स्वीकारते. धुताना उग्र वासाची साबणपूड वापरू नये, नाहीतर मांजर त्याच कापडाला परके समजते.

अंगावर लुचलेले नको असेल, तर न रागावता आणि न बोलता उठून दूर व्हावे. ओरडणे, नाकावर टिचकी मारणे किंवा पाण्याचा फवारा मारणे यांनी मांजर बिथरते, आणि बिथरलेल्या मांजराचा दिलासा लुचणे हाच असल्यामुळे सवय कमी होण्याऐवजी पलंगाखाली जाऊन चालू राहते. कापडावर लिंबूवर्गीय किंवा इतर सुगंधी तेल लावण्याचा सल्ला काही जण देतात. तो मुळीच मानू नये, कारण अशी अनेक तेले मांजरांना विषारी असतात. त्यापेक्षा लुचण्याच्या नेहमीच्या वेळेआधी दहा-पंधरा मिनिटे काठीला बांधलेल्या पिसाशी मांजराला मनसोक्त खेळवावे आणि लगेच जेवण द्यावे. शिकार, खाणे आणि झोप हा त्याचा स्वाभाविक क्रम असल्याने ते बऱ्याचदा थेट झोपी जाते. खेळ संपल्यावर दोरीची काठी मात्र कपाटात बंद करून ठेवावी.

त्वचा किंवा केस लुचणाऱ्या मांजराबाबत एक धोका सहज नजरेआड होतो. केस वाढवण्यासाठी लावले जाणारे मिनॉक्सिडिल मांजराच्या पोटात अगदी थोडे गेले तरी जिवावर बेतू शकते, आणि काही वेदनाशामक मलमेही तितकीच घातक आहेत. अशी औषधे लावणाऱ्याने मांजराला त्या जागेजवळ येऊच देऊ नये.

आईविना वाढणाऱ्या पिल्लांच्या बाबतीत मात्र स्वस्थ बसून चालत नाही. अशी भावंडे एकमेकांची जननेंद्रिये लुचतात. तिथे सूज येते, खपली धरते आणि लघवीची वाट बंद होऊ शकते. प्रत्येक पिल्लाचे शेपूट उचलून तो भाग दररोज पाहावा. लाली दिसताच पिल्लांना वेगळे ठेवावे आणि प्रत्येकाजवळ उबदार पिशवी व डोळे-गुंड्या नसलेली मऊ बाहुली द्यावी. सूज असेल किंवा लघवी होत नसेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. सिरिंजने भराभर पाजल्यास पोट भरते, पण लुचण्याची ओढ तशीच राहते. म्हणून पिल्लाच्या तोंडात मावेल असे, चोखता येणारे बोंडले वापरावे. दूध मांजराच्या पिल्लांसाठी तयार केलेलेच द्यावे आणि पाजताना पिल्लू पोटावर पालथे असावे, कारण उताणे धरल्यास दूध फुफ्फुसात जाण्याची भीती असते. मोठ्या मांजरांपैकी एक दुसऱ्या मांजरीला लुचत असेल आणि त्या दुसरीचे आचळ लाल, गरम किंवा कडक झाले असेल, तर दोघांना वेगळे करून तिला तपासून घ्यावे.

कापडाला भोक पडले असेल, तर मांजर लुचत नसून खात आहे. पाहिल्यावर फरक कळतो: लुचणारे मांजर तोंड पुढे करून स्थिर बसते, तर खाणारे मान तिरकी करून दाढांनी कापड कातरते. गिळलेला लांब धागा जिभेखाली किंवा जठरात अडकला की आतडे त्याच्यावर चुण्यांसारखे गोळा होते आणि धागा ते आतून कापू लागतो. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तरी तो ओढू नये. उलट्या, अन्न सोडणे, पोटाला हात लावू न देणे किंवा कोपऱ्यात दडून राहणे यांपैकी काहीही दिसल्यास उद्याची वाट न पाहता पशुवैद्य गाठावेत.

अशा मांजराच्या आवाक्यातून लोकरी कपडे, मोजे, केसांचे रबर आणि शिवणाचे सामान पूर्णपणे काढून घ्यावे. चघळण्यासाठी कुंडीत गव्हाचे किंवा ओटचे कोवळे गवत वाढवावे. आहारात तंतुमय पदार्थ वाढवणे मात्र वैद्यांना विचारूनच करावे. प्रौढ मांजराने हे अचानक सुरू केले असेल, किंवा ते शौचपेटीतली माती चाटत असेल, तर त्याला हट्ट म्हणून सोडून देऊ नये. रक्तक्षय, दातांचे दुखणे, आतड्याचे विकार किंवा थायरॉइडची वाढ हे आधी तपासून पाहावे लागते. तपासणीत काही न सापडता खाणे चालूच राहिले, तर वैद्य मनावरचा ताण कमी करणारे औषधही सुचवू शकतात. तपासणीला जाताना कुरतडलेले कापड पिशवीत घालून न्यावे. किती धागा पोटात गेला असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.